‘मेहेर तालीम’ची पाटी

मी पाटी बोलतेय. लिहायची नव्हे, लटकायची. कटकट गेटातून आत आलात की डाव्या हाताच्या गल्लीत निळ्या दाराचं एक बैठं घर लागतं. त्या दारावर दोन तारांनी टांगलेली, जरा वारा आला की खडखडणारी पत्र्याची पाटी दिसेल, ती मी. माणसांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो, माझा कायमचाच लागलेला आहे. तेव्हा मला ‘जरा दमानं घे’ असं कुणी सांगू नये.

गंमत अशी, की एके काळी दमानं घ्या असं मीच जगाला सांगत होते. शहागंजातल्या एका दुकानात पत्रा कापून मला चौकोनी केलं, पांढरा रंग दिला आणि वर लालभडक अक्षरांत लिहिलं, ‘शांतता राखा’. मग एका उर्दू माध्यमाच्या शाळेत, पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, चार कोपऱ्यांत चार स्क्रू पिळून मला भिंतीला पक्कं बसवलं. हलायची सोयच नव्हती. कायमची नोकरी म्हणतात ती अशी.

शांतता कुणी राखली नाही, ती गोष्ट वेगळी. पोरं माझ्याखाली उभी राहून अक्षर अक्षर लावत मला वाचायची. ‘राखा’ला ती ‘रखा’ समजायची. “शांतता रखा? किधर रखा रे?” एक विचारायचा. “हेडमास्तर के कपाट में!” दुसरा सांगायचा, आणि सगळी खिदळत सुटायची. मला असा संताप यायचा, की स्क्रू नसते तर मी एखाद्याच्या पायावर नक्की पडले असते.

या विनोदाला हसणारं मोठं माणूस एकच होतं. मेहरुन्निसा आपा. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. घरी दखनी, शाळेत उर्दू, अशा पोरांना मराठीचा तास म्हणजे शिक्षाच वाटायची. पण आपांची तऱ्हा निराळी. एकदा तर त्या अख्खा वर्ग घेऊन माझ्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, “कुणी कुठं ठेवली नाही, बाळांनो. राखायची असते. शेत राखतात, घर राखतात, मान राखतात. तुम्ही काय राखता?”

“आपा, मी बकरी राखतो,” मागून एक जण म्हणाला. वर्ग हसला, आपाही हसल्या, आणि ‘राखणं’ त्या पोरांना जन्मभराचं आलं. माझ्याच पुढ्यात एवढा गोंगाट, आणि तोही मलाच धड्याला लावून! मी दोन दिवस फुरंगटून होते.

पण असे तास हळूहळू कमी होत गेले. कधी खिचडीचे फोटो पाठवायचे, कधी कसलंसं सर्वेक्षण, कधी मतदार याद्या. आपा वर्गात असायच्या, पण मान मोबाइलमध्ये. मग शिकवणं म्हणजे काय, तर फळ्यावर उत्तर लिहायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं आणि घोकायचं. “समजलं का?” “हौ आपाऽ!” निकाल मात्र झकास लागायचा. निबंध सगळ्यांचे तोंडपाठ. त्या काळात व्हरांड्यात खरोखरच शांतता असायची. मी खूश होते. आपा नव्हत्या.

एका दुपारी मंतशा नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. अगदी माझ्याखालीच उभी राहिली. एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची नोकरी होती, त्यासाठी ती मुलाखत देऊन आली होती. समोरचे साहेब तिला म्हणाले होते, तुमच्याविषयी मराठीत चार वाक्यं बोला.

“मग? बोललीस ना?” आपांनी विचारलं.

“बोली ना आपा. ‘माझी शाळा’ बोली. पूरा निबंध. ‘अशी माझी शाळा मला फार फार आवडते’ तक.” मंतशा हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. “मेरेकू मराठी में इक्यासी मार्क हैं आपा. मराठी नहीं है.”

तो निबंध आपांनीच फळ्यावर लिहून दिलेला होता.

त्या दिवसापासून आपांना चैन पडेना. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या. नुसतं बोलायला शिकवणारी, वही-पेनाला हात न लावणारी स्वतःची शिकवणी काढायची, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. अखेर त्यांनी राजीनामा दिला. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी तो ठेवून घेतला आणि सांगितलं, की संस्थेची बैठक सहामाही परीक्षेनंतर आहे, तिथं मंजूर होईल. तोवर मन बदललं तर या, मी कागद फाडून टाकतो.

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात व्हरांड्यात काचेसारखी चकचकीत नवी पाटी आली. मजकूर तोच. माझे स्क्रू काढले आणि मला जिन्याखाली भंगारात टाकलं. कायमची नोकरी कायमची नसते, हे मला तिथं कळलं. आपा निरोप घेऊन खाली उतरत होत्या. त्यांनी मला पाहिलं, शिपायाला विचारलं आणि काखेत मारून घरी घेऊन आल्या. “किधर रखा रे,” असं स्वतःशीच म्हणून त्या रिक्षात हसल्या, आणि नंतर कितीतरी वेळ बाहेर बघत राहिल्या.

आता गयासची ओळख करून देते. हा आपांचा धाकटा भाऊ. पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारं सिटी चौकात कुणी नव्हतं, पण फ्लेक्स आले आणि तो गाड्यांच्या नंबरप्लेटांवर आला. बहिणीची पाटी म्हटल्यावर त्याला हुरूप चढला. आपांनी फोनवर सांगितलं होतं, ‘मेहेर मराठी शिकवणी’ लिही. गयासनं मला हिरवा रंग दिला, त्यावर पिवळ्या टपोऱ्या अक्षरांत नाव रंगवलं आणि दारात आणून उभं केलं. वर लिहिलं होतं, ‘मेहेर तालीम’.

आपांनी कपाळाला हात लावला. “अरे, हे काय?”

“बाजी, शिकवणी बहोत छोटा लफ्ज है,” गयास म्हणाला. मोठ्या बहिणीला तो बाजी म्हणतो. “तुम पक्की नोकरी छोड दिये, और शिकवणी? तालीम लिखा मैं. कैसा वजनदार दिखता! अक्षरां बडे निकाला, तो मराठी को जगा नहीं रही.”

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे काय, हे मराठीच्या शिक्षिकेला कुणी सांगायला नको. पण भावाच्या बोटांना अजून पिवळा रंग होता आणि तोंडभर हसू होतं. गल्लीतले सगळे उर्दूतलाच अर्थ घेतील, चालून जाईल, असं म्हणून आपांनी मला दारावर टांगलं. चार स्क्रूंच्या जागी दोन तारा. पहिल्याच वाऱ्याला माझी खडखड सुरू झाली.

शिकवणी सुरू झाली. बाहेरच्या खोलीत चटई टाकली. “इथं लिहायचं नाही, बोलायचं,” आपांनी जाहीर केलं. आणि पोरं जी गप्प झाली! शाळेत माझ्या नाकावर टिच्चून किंचाळणारी हीच जात, पण मराठीत बोला म्हटल्यावर दातखीळ बसली. एकमेकांना रांगत्या वयापासून ओळखणारी पोरं ती. रोज दखनीत भांडायचं आणि इथं येऊन ‘आपण कसे आहात’ म्हणायचं, तर कुणाला लाज नाही वाटणार? एखाद्याचं क्रियापद चुकलं, की बाकीचे खी खी करायचे आणि तो पुन्हा तोंड उघडायचा नाही. अबुजर म्हणून एक पोरगा होता. गल्लीत त्याच्या तोंडाला फाटक नव्हतं. चटईवर मात्र तो महिनाभर ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या पलीकडे गेला नाही.

वर पालक दारात उभे राहून विचारायचे, “आपा, गाइड कौनसा पढाते? नोट्स नहीं देते? पेपर कब लेते?” आपा समजावून सांगायच्या. पालक हौ हौ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पोर यायचं बंद व्हायचं. चटई मोठी दिसायला लागली. आपांचे नवरे ओवैसभाई चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला. ते तोंडानं काही म्हणायचे नाहीत. पण रोज कामावर जाताना माझ्याकडे एकदा बघून जायचे, आणि त्या बघण्यात काळजी होती, ती मला पत्र्याला जाणवायची.

पोरं गप्प बसली की मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. जन्मच त्यासाठी झालेला. पण त्या खोलीतली शांतता ऐकून मी अस्वस्थ व्हायचे, वारा नसतानासुद्धा खडखडायचे. कारण आता माझं पोट आवाजावर होतं. आत कुणी बोललं नाही, तर मी पुन्हा भंगारात.

सहामाही संपली. संस्थेची बैठक उद्यावर आली. आपांनी हेडमास्तरांना फोन केला, “सर, मी उद्या येते. कागद फाडून टाका.” मग गयासला फोन. “उद्या येऊन पाटी पुसून टाक.” पलीकडून गयास काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आपा म्हणाल्या, “नाही रे, अक्षरं चांगलीच आहेत. माझंच नाही जमलं.”

हे माझ्याखाली उभं राहून बोलणं चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही. पाटीला कोण विचारतं?

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी पिकअप थांबली. तिच्यातून आद्रकीचा वास आला, मग सर्जेराव उतरले. हे मूळचे पिशोरचे, आता मुलांच्या शाळेसाठी पुंडलिकनगरात राहतात आणि गावाकडची आद्रक शहागंजात पोचवतात. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी ते नुसते माझ्यापुढे उभे राहिले, मला मोठ्यानं वाचलं, आणि पाठीमागच्या आपल्या मुलीला म्हणाले, “मंजुषा, घावली बघ!”

मग दारात येऊन त्यांनी हाळी दिली, “वस्ताद हायेत का?”

आपांनी ऐकलं ‘उस्ताद’. शिकवणाऱ्याला उर्दूत उस्तादच म्हणतात. त्या पदर सावरत पुढे झाल्या. “मीच. या ना, बसा.”

सर्जेरावांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्ही? बाई वस्ताद?” आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मंग तर लई बेस झालं! पोरीला बाईच शिकवणारी पाह्यजे व्हती. समदं शहर हुडकायलोय. किती पोरं तयार केली आजवर?”

“शेकडो,” आपा म्हणाल्या. शिकवणीच्या शेवटच्या संध्याकाळी कुणी तरी हे विचारतंय, म्हणून त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

“जिल्ह्याला गेलं का कुणी?”

“जिल्ह्याला? एक मुलगा तर मुंबईत मंत्रालयात आहे.”

सर्जेरावांना याचा उलगडा होईना, पण त्यांनी मान डोलावली. आत डोकावून म्हणाले, “माती कुठं दिसंना? का गादीवर घेता?”

“आमच्याकडे चटई आहे,” आपा म्हणाल्या.

“चटईवर? लागत नाय का पोरांना?”

“सवय होते.”

“आन खुराक?”

आपांना वाटलं, घरी काय अभ्यास द्यायचा ते विचारतायत. गृहस्थ मोठा रसिक बोलतो. त्या म्हणाल्या, “रोज एक पान. मोठ्यानं.”

“पान?” सर्जेराव दचकले. “नाय बाई, आमच्यात कुस्ती खेळणाराला पान-तंबाखू चालत नाय. दूध, बदाम म्हणा.”

आपांनी वर माझ्याकडे पाहिलं. सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आपांना हसू फुटलं, ते आवरेचना. दाराला धरून त्या हसत होत्या. नोकरी सोडल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. खुलासा झाल्यावर सर्जेरावही मांडीवर थाप मारून हसले. “म्हंजी मराठीची तालीम व्हय! तरीच म्हणलं, बाईचा कान पैलवानासारखा कसा काय मोडलेला नाय.” जाताना म्हणाले, “शहागंजात माल उतरून येतो. तवर पोरगी इथं बसली तर चालंल का? तिथं बाजारात तिला कुठं उभी करू?”

“बसू द्या,” आपा म्हणाल्या. “आज शेवटचाच दिवस आहे.”

मंजुषा चटईच्या कडेला बसली. उरलेल्या चार पोरांनी तिच्याकडे टकमका पाहिलं. अबुजरला राहवेना. “तेरेकू कुस्ती आती?” त्यानं विचारलं. तिला ते धड कळलं नाही, ती नुसती बघत राहिली. मग नाइलाजानं पठ्ठ्यानं मराठी काढली. “तू कुस्ती करती?”

“करत नाय. करायचीय.”

“माझा मोठा भाऊ करतो. त्याने एक मोठा माणसाला पाडली.”

“पाडली?” मंजुषा खुदकन हसली. “भिंत पाडली का माणूस?”

आपांनी चूक सुधारायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी तसंच मिटलं.

कारण अबुजर गप्प बसला नव्हता. तो चिडला होता. गल्लीतल्या पोरांनी हसणं वेगळं आणि परक्या मुलीनं भावावर हसणं वेगळं. “माणूस पाडला! भिंत कशाला पाडेल? तो ट्रकवाला होता, माझ्या भावाचा डबल होता, त्याला उचललं आणि पाडलं!”

“ट्रक व्हता का ट्रकवाला?”

“‘व्हता’ नाही म्हणायचं, ‘होता’ म्हणायचं! आपांनी शिकवलं आहे!”

“आमच्यात व्हताच असतो!”

“मग तुमच्यात चुकीचा असतो!”

झालं. बाकीची तिघंही गुडघ्यांवर आली. कुणी अबुजरच्या बाजूनं, कुणी मंजुषाच्या. मुलीनं कुस्ती खेळावी की नाही, ट्रकवाला किती जाड होता, पिशोर मोठं की दौलताबाद, सगळं निघालं. क्रियापदांचा नुसता चेंदामेंदा चालला होता. पण कुणी थांबत नव्हतं, कारण थांबला तो हरला. आणि हे सगळं मराठीत, कारण मंजुषाला दुसरं काही कळतच नव्हतं. शेजारची खिडकी उघडली, कुणीतरी ओरडलं, “अरे, शोर कायका है?” आणि मी, जिनं सारी हयात ‘शांतता राखा’ म्हणण्यात घालवली, ती दारावर ताडताड आपटत होते. वारा नव्हता. मला भारी आनंद झाला होता, लपवू कशाला?

आपा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

सर्जेराव परत आले, तरी मंजुषा उठायला तयार नव्हती. “थांबा ना दादा, ह्याला हरवून येते.” आपांनी सर्जेरावांना विचारलं, “माल घेऊन याल त्या दिवशी हिला इथं सोडत जाल का? कुस्तीची तालीम मिळेस्तोवर.” ते म्हणाले, “मिळाल्यावर बी सोडीन की. घरी हिच्याशी भांडाया कोणी नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा शाळेत गेल्या. काय करणार, ते ओवैसभाईंनाही सांगितलं नव्हतं. मी दारावर लोंबकळत होते. थोड्या वेळानं गयास आला, थिनरचा डबा आणि फडकं घेऊन. पायरीवर बसला. डबा उघडला, परत लावला. त्याच्याही जिवावर आलं होतं. थिनरचा वास मला ओळखीचा आहे. त्यानं अक्षरं नव्हे, आयुष्य पुसलं जातं.

ऊन चढल्यावर आपा आल्या. चालणं भरभर होतं. गयास उभा राहिला. “पोंछ डालूं, बाजी?”

“नको.” आपा धापा टाकत होत्या. “सरांना सांगून आले, कागद फाडू नका, राजीनामा मंजूर करून टाका. व्हरांड्यातून येताना ती नवी पाटी पाहिली. तिच्याखाली सगळी पोरं इतकी शांत बसली होती, गयास. मला तिथं बसवेना.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तालीम राहू दे. खाली अजून एक ओळ बसेल का?”

“छोटी बैठती. क्या लिखूं?”

“वस्ताद, मेहरुन्निसा.”

गयास हसला. “उस्ताद बोलते ना बाजी उसको. उ.”

“नाही,” आपा म्हणाल्या. “व. वस्ताद.”

ती ओळ अजून माझ्यावर आहे, जराशी वाकडी, कारण ती मला खाली न उतरवता, हलत्या अंगावरच लिहिली. मंतशा आता रोज येते. शिकायला नव्हे, पोरांशी भांडायला, असं म्हणते. चटई कधी भरते, कधी निम्मी रिकामी असते. ओवैसभाई अजूनही जाताना माझ्याकडे बघतात. पुढच्या वर्षी मी इथं असेन की जिन्याखाली, ते मला ठाऊक नाही, आणि आपांनाही नाही. तारा दोनच आहेत. पण संध्याकाळी तिरपं ऊन पडलं, की हिरव्या रंगाखालून माझी जुनी लाल अक्षरं पुसटशी वर येतात, आणि आतल्या गलक्यात ती बघून पोरं विचारतात, “आपा, शांतता कुठं ठेवली?”

या गल्लीतून कधी गेलात, तर माझी एवढीच विनंती आहे. मला मनातल्या मनात वाचू नका. मोठ्यानं वाचा. चुकलात तरी चालेल. तुमची चूक काढायला आत कुणीतरी टपूनच बसलेलं आहे.